कुरळे केस वाढवताय? आधी तो टॉवेल बाजूला ठेवा

मी मूळचा ठाण्यातल्या नौपाड्याचा. शाळेत असताना रोज सकाळी आई मला दोन गुडघ्यांमध्ये धरून बसवायची, पळीभर खोबरेल डोक्यावर ओतायची आणि बारीक दातांच्या फणीने केस असे चापूनचोपून बसवायची की डोळ्यातून पाणी यायचं. शाळेत प्रार्थना संपेपर्यंत केस परत उभे. पंचविशी येईपर्यंत मला कुणी सांगितलंच नाही की बाबा तुझे केस कुरळे आहेत, सगळे म्हणायचे राठ आहेत, आणि सलूनवाले काका तर दर महिन्याला तेच, "बारीकच मारतो, तुमच्या केसांचं काही होत नाही." आणि याच घरात टीव्हीवर झाकीर हुसेन 'वाह ताज'ला मान झटकायचे तेव्हा सगळे हातातलं काम सोडून त्या केसांकडे बघत बसायचे.

आता माझे केस खांद्याखाली आलेत, चौथं वर्ष चालू आहे. ऐरोलीच्या ऑफिसात, ट्रेनमध्ये, लग्नकार्यात कोणीतरी विचारतंच की काय लावतोस रे. आता खरं सांगायचं तर लावतो फार थोडं. चार गोष्टी बंद केल्या तिथेच अर्धं काम झालं: रोजचा शाम्पू, टॉवेलने खसाखसा पुसणं, सुक्या केसांत फणी, आणि दिवसभर केसांत हात घालत बसणं. खाली जे काही लिहिलंय ते या चार गोष्टींचंच सविस्तर आहे, त्यामुळे घाईत असाल तर एवढंच वाचून निघा, पण नवीन असाल तर बसा जरा.

आधी हे कळलं पाहिजे, कुरळे केस कोरडे का

केस ज्या छिद्रातून बाहेर येतो ते छिद्र सरळ केसवाल्यांचं सरळ असतं, आपलं वाकडं असतं, आणि केस कापून आडवा बघितला तर गोल न दिसता चपटा, लंबगोल दिसतो. म्हणून तो वळत वळत वाढतो. डोक्याची त्वचा स्वतःचं तेल बनवतेच, सरळ केसावर ते घसरगुंडीसारखं टोकापर्यंत जातं, आपल्याकडे मात्र प्रत्येक वळणावर अडकतं, घाटात एसटी अडकावी तसं. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाला काथ्या. आणि मग माणूस काय करतो, तेलकट वाटतं म्हणून रोज शाम्पू मारतो, टोकं अजून कोरडी, ती कोरडी म्हणून वरून तेल चोपडतो, परत तेलकट. हे चक्र आपल्यापैकी बहुतेकांनी कॉलेजात फिरवलेलं असतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. केस केराटिन नावाच्या प्रोटीनचा असतो आणि त्याच्या आत हायड्रोजन बंध असतात, पाणी लागलं की ते सुटतात आणि केस वाळताना परत जुळतात. म्हणजे वाळताना केस ज्या आकारात आहे तो आकार धरतो. म्हणून जे काही करायचंय ते ओल्या केसांवर, आणि वाळायला लागले की हात लावायचा नाही. जून ते सप्टेंबर आपल्या हवेतच एवढं पाणी असतं की वाळलेले बंधसुद्धा परत हलतात, आणि स्टेशनवरून ऑफिसला पोचेपर्यंत डोक्याचा पिसारा होतो. तुमच्या केसांचा त्यात दोष नाही, ठाण्याची हवाच तशी आहे.

आपले खरंच कुरळे आहेत का हे बघायचं असेल तर एका रविवारी केस धुवा, कंडिशनर लावून काढा, फणी न फिरवता, न पुसता तसेच वाळू द्या. वाळल्यावर एस सारखी वळणं दिसली तर लाटदार, स्प्रिंगसारखी गोल गोल दिसली तर कुरळे. नेटवर २ए, ३बी, ४सी वगैरे जे नंबर दिसतात ते अमेरिकेतल्या आंद्रे वॉकर नावाच्या हेअरस्टायलिस्टने केलेल्या वर्गवारीतून आलेत, ओप्रा विन्फ्रीचे केस तोच करायचा. माझ्या ओळखीतले बहुतेक लोक २बी ते ३बी मध्ये, म्हणजे लाटदार ते कुरळे यांत, येतात आणि एकाच डोक्यावर मागे एक नंबर पुढे दुसरा असं पण असतं, त्यामुळे त्यात अडकू नका. तसंच ग्लासभर पाण्यात केस टाकून तो बुडतो की तरंगतो बघायची जी टेस्ट सांगतात ती पण सोडून द्या, केसाला जरा तेल असेल तरी तो तरंगणार, त्यातून काही कळत नाही.

वाढवायला सुरुवात कधी करायची

श्रावणात. मस्करी नाही. अर्ध्या घरांत श्रावणात केस-दाढी कापत नाहीत त्यामुळे पहिला महिना तुम्हाला कोणी काही विचारतच नाही, मग गणपती येतात, गडबडीत अजून पंधरा दिवस जातात, आणि विसर्जनानंतर कोणाच्या लक्षात येईपर्यंत तुमचे केस कानावर आलेले असतात. आमच्याकडे तेव्हा आत्या म्हणाली, "काय रे, नवस बोललायस का तिरुपतीला?" मी हो म्हटलं, त्यावर वर्षभर शांतता मिळाली.

केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, सगळ्यांचेच, कुठल्याही तेलाने हा वेग दुप्पट होत नाही. म्हणजे वर्षाला १२ ते १५ सेंटीमीटर, पण कुरळा केस आखडतो, त्यामुळे ओले असताना हनुवटीपर्यंत येणारे केस वाळले की कानाशी जातात. बारीक केसांपासून सुरू केलं तर खांद्यापर्यंत यायला दोन-अडीच वर्षं धरून चाला.

चौथा ते नववा महिना सगळ्यात वाईट. बांधता येत नाहीत, मोकळे सोडले तर डोक्यावर मशरूम. बहुतेक लोक इथेच कापून टाकतात. या काळात दोनच गोष्टी करा, दर दीड महिन्याने मानेवरचे आणि कानाभोवतीचे केस तेवढे साफ करून घ्या, वरच्याला हात लावू देऊ नका, आणि पातळ काळा हेअरबँड घ्या जो क्रिकेट-फुटबॉल खेळणारी पोरं लावतात. १९८९ मध्ये सोळा वर्षांचा सचिन पाकिस्तानात पहिली टेस्ट खेळला तेव्हा त्याच्या डोक्यावर हेच कुरळं जंगल होतं, ते फोटो घरच्यांना दाखवायला उपयोगी पडतात.

काय काय लागतं

मोठ्या दातांचा कंगवा, एक जुना कॉटनचा टीशर्ट, सौम्य शाम्पू, भरपूर कंडिशनर, एक जेल. झालं. पहिल्या महिन्यात दहा बाटल्या घेऊ नका, मी घेतल्या होत्या, त्यातल्या सहा बहिणीकडे गेल्या.

शाम्पूच्या मागे बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात आणि जे जास्त प्रमाणात असतं ते आधी लिहितात. पाण्यानंतर लगेच सोडियम लॉरिल सल्फेट किंवा सोडियम लॉरेथ सल्फेट दिसलं तर तो चांगला तगडा साबण आहे, कधीतरी ठीक, दर वेळी नको. कंडिशनरमध्ये डायमेथिकोन असेल तर पहिल्या दिवशी केस मखमल वाटतील पण ते सिलिकोन नुसत्या पाण्याने निघत नाही, थरावर थर बसतो आणि दोन महिन्यांनी केस निर्जीव, लोंबल्यासारखे होतात. अल्कोहोल शब्द बघून मात्र घाबरू नका, सेटिल आणि सिटिअरिल अल्कोहोल ही मऊ करणारी असतात, कोरडं करतं ते अल्कोहोल डिनॅट. कर्ली गर्ल मेथड म्हणून जो प्रकार आहे त्यात सल्फेट, सिलिकोन, हीट सगळंच बंद सांगतात. नावात गर्ल असलं तरी केसाला ते कळत नाही, बिनधास्त करा, पण इतकं कडक पाळायची गरज नाही असं माझं मत.

शिकेकाई-रिठा चालतं का, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. रिठ्यात खरंच फेस करणारं द्रव्य असतं, पण पावडर थेट डोक्यावर थापली तर कुरळ्या केसांतून तिचे कण काढताना रडाल, त्यामुळे जांभळी नाक्याच्या बाजारातून अख्खी शिकेकाई आणि रिठे आणून भिजवून, उकळून, गाळून ते पाणीच वापरा, आणि डोळे घट्ट मिटा कारण रिठा डोळ्यात गेला तर दुसरं काही सुचत नाही. मेंदीच्या भानगडीत मात्र नवीन असताना पडू नका, तिचा थर केसावर बसतो, केस जड होतो, आणि बऱ्याच जणांचे कुरळे सैल पडतात.

धुण्याचा दिवस

हा मुख्य भाग. आठवड्यातून दोनदा पुरतं, मी बुधवारी आणि रविवारी धुतो. सकाळी ऑफिसच्या आधी धुवायचा विचार सोडा, माझे केस वाळायला पंख्याखाली तीन तास लागतात, त्यामुळे बुधवारी संध्याकाळी घरी आल्या आल्या बाथरूम.

तासभर आधी टोकांना खोबरेल. नुसतं टोकांना आणि मधल्या भागाला, चमचाभर. याला आईचा दुजोरा आहेच पण कारण पण आहे, खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं आणि धुताना जे प्रोटीन निघून जातं ते कमी होतं. २००३ मध्ये छापून आलेल्या भारतातल्याच एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल अशी तुलना केली होती, त्यात प्रोटीन फक्त खोबरेलाने वाचलं. म्हणजे आई तेलाबद्दल बरोबर होती, तिची जागा आणि वेळ चुकत होती, तेल शाळेत जाताना मुळाशी न थापता धुवायच्या आधी टोकांना लावायचं.

मग केस पूर्ण ओले करायचे. बादली-मग असेल तर मान खाली घालून पाचसहा मग ओता, कुरळे केस वरून ओले दिसतात पण आत कोरडेच असतात. शाम्पू हातावर घेऊन थोडं पाणी मिसळा आणि फक्त डोक्याच्या त्वचेला बोटांच्या पेरांनी चोळा, नखं नकोत. लांबीला वेगळा शाम्पू लावायचा नाही, वरून वाहून येणारा फेस तेवढ्याला पुरतो.

आता कंडिशनर. पुरुष इथे नाण्याएवढा घेतात, त्याने काही होत नाही, माझ्या लांबीला ओंजळीचा खळगा भरेल एवढा लागतो. तो लावून मगच, म्हणजे केस ओले आणि बुळबुळीत असतानाच, कंगवा फिरवायचा. टोकापासून सुरू करून हळूहळू वर यायचं. वरून खाली ओढलात तर गुंता खाली सरकत जाऊन एक घट्ट गाठ होते आणि मग ती कापावी लागते. आपल्याकडे गुंता सुटला नाही तर जट आली म्हणून देवीला जोडायची पद्धत होती, कितीतरी बायकांनी आयुष्यभर ते ओझं डोक्यावर वागवलं, अंधश्रद्धा निर्मूलनवाले अजूनही गावोगाव जाऊन जटा कापून सोडवतात. तर गाठ ही गाठच असते. दोन हातांत धरून बोटांनी एक एक केस मोकळा करायचा, थोडा वेळ लागतो.

गुंता निघाला की मान खाली घाला, केस पुढे लोंबू द्या, ओंजळीत थोडं पाणी घेऊन केस खालून वर मुठीत दाबा. चप चप असा आवाज आला पाहिजे, बाथरूमच्या बाहेरून ऐकणाऱ्याला वाटेल आत कोणीतरी चिखलात चालतंय. हा आवाज म्हणजे पाणी आणि कंडिशनर नीट बसलं. नुसता कोरडा करकर आवाज आला तर अजून पाणी घ्या. आठदहा वेळा दाबलं की दोन-तीन मग पाण्याने वरवर धुवा, सगळा कंडिशनर काढायचा नाही, थोडा बुळबुळीतपणा राहू द्या.

आणि आता ज्या क्षणी हात आपोआप टॉवेलकडे जातो तिथे थांबायचं. केसातून पाणी निथळतंय तेव्हाच जेल लावायचं. मला हे पटायला सहा महिने लागले कारण वाटायचं पाण्याने जेल वाहून जाईल, थोडं जातं पण, तरी उरलेलं प्रत्येक वळणावर सारखं पसरतं. जेल दोन्ही तळव्यांना फासायचं, नमस्कार केल्यासारखे तळवे जोडून केसांच्या बटेवरून वरून खाली सरकवायचे, सगळीकडे लागलं की परत मुठीत दाबायचं. मग टीशर्टने हलकेच टिपायचं, चोळायचं नाही. टॉवेलचे ते बारीक धाग्यांचे फासे असतात ना, ते केसाचे वरचे खवले ओढून काढतात, टीशर्टचं कापड सपाट असतं. जास्त पाणी असेल तर पलंगावर टीशर्ट पसरा, केस त्याच्या मधोमध टेकवा, बाह्या मानेमागे बांधा, वीस मिनिटं तसेच फिरा. पहिल्यांदा मी असा हॉलमध्ये आलो तर बाबांनी पेपरवरून एक नजर टाकली आणि परत पेपर वर केला.

यानंतर हात लावायचा नाही. वाळेपर्यंत नाही. खाज आली तरी नाही. अर्ध्या तासाने केस कडक व्हायला लागतात, पूर्ण वाळले की तर चक्क कुरडई. तळायच्या आधीची, उन्हात वाळलेली कुरडई असते ना, तशी. नवीन माणूस इथे घाबरतो आणि परत धुवून टाकतो. अहो ते जेलचं कवच आहे, आत वळणं छान बसलेली असतात. शंभर टक्के वाळल्यावर, मुळाशी पण ओल नाही बघितल्यावर, तळहातावर दोन थेंब तेल घेऊन केस खालून वर चुरगळा, कवच मोडतं, केस मऊ होतात आणि वळणं तशीच राहतात. अर्धवट ओले असताना हे केलंत तर सगळा पिसारा. घाई असेल तर ड्रायरला डिफ्यूजर, म्हणजे हवा पसरवणारं भोकाभोकांचं तोंड, लावून कमी गरम हवेवर वाळवा, साध्या ड्रायरचा झोत मात्र नको.

जेल विकत न घेता घरी पण होतं, जवसाचं. आपल्या चटणीचेच जवस. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम आचेवर ढवळत राहायचं, सातआठ मिनिटांनी वर पांढरा फेस येतो आणि चमचा उचलला की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटते. तेव्हा लगेच गॅस बंद आणि गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळायचं. गार झालं तर ते फडक्यातून उतरतच नाही, मी एकदा पिळून पिळून फडकं फाडलंय. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की फेकायचं. आणि बरणीवर नाव लिहा. आमच्या घरी आईने साबुदाण्याची खीर समजून त्यात दूध-साखर घातली होती, गरम पण केली, मग चव घेतली. त्यानंतर माझा फ्रीजमधला कप्पा वेगळा झाला.

पाण्याचं दुखणं

नौपाड्यात सगळं छान चाललं होतं, मग आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीला राहायला आलो आणि दोन महिन्यांत केसांची वाट लागली. तेच शाम्पू, तेच जेल, पण हाताला नारळाच्या शेंड्या लागाव्यात तसं. मी बाटल्या बदलत बसलो. मग एक दिवस बाथरूमच्या नळावरचा पांढरा थर खरवडताना डोक्यात प्रकाश पडला. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतात, बोअरचं पाणी मिसळतात, पाणी जड असतं, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम केसावर बसतं. तुमच्याकडे साबणाला फेस कमी येत असेल आणि बादलीच्या कडेला पांढरे डाग येत असतील तर तुमचं पण हेच.

उपाय साधा आहे. महिन्यातून एक-दोनदा असा शाम्पू वापरायचा ज्यात ईडीटीए लिहिलंय आणि जो साठलेला थर काढायसाठी म्हणून विकतात, ईडीटीए हे क्षार पकडून बाहेर काढतं. त्या दिवशी केस फार कोरडे वाटतात, कंडिशनर दहा मिनिटं ठेवा. आणि शेवटचे दोन मग आरओ फिल्टरच्या प्यायच्या पाण्याचे ओता. आरओचं जे वाया जाणारं पाणी बादलीत साठवतो ते वापरू नका बरं का, ते फुकट आहे म्हणून मोह होतो पण त्यात क्षार उलट जास्त असतात, ते लादी पुसायलाच ठीक. नवी मुंबईत ज्यांच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं त्या मित्रांना हा त्रास नाही, ते आपले निवांत असतात.

मधले दिवस, लोकल, हेल्मेट, पाऊस

झोपताना केस डोक्याच्या अगदी वर, अननसाच्या शेंडीसारखे सैल बांधायचे म्हणजे वळणं चेपत नाहीत. कॉटनचा अभ्रा केस ओढतो आणि ओल शोषून घेतो, सॅटिनचा घ्या, किंवा माझ्यासारखं करा, आईची जरीला विटलेली जुनी सिल्कची साडी होती तिचे दोन अभ्रे शिवून घेतले. ओल्या केसांनी झोपू नका, वास येतो आणि मुळाशी बुरशीला आयतं निमंत्रण.

सकाळी फणी नाही. इस्त्रीवाले वापरतात तो फवारा घ्या, त्यात पाणी आणि चमचाभर कंडिशनर, जिथे बिघडलंय तिथेच मारा, मुठीत दाबा, दहा मिनिटं सोडा. सगळं डोकं भिजवलंत तर परत तीन तास.

ट्रेनमध्ये दारात उभं राहायची सवय असेल तर केस बांधूनच. ठाणे ते ऐरोली वीस मिनिटंसुद्धा लागत नाहीत पण तेवढ्या वाऱ्यात मागचे केस असे गुंततात की रात्री अर्धा तास जातो. शिवाय गर्दीत तुमचे केस मागच्याच्या तोंडात जातात, त्याला काय कमी त्रास आहेत का.

स्कूटर असेल तर अंबाडा डोक्यावर नको, हेल्मेट नीट बसत नाही, आणि केसांसाठी हेल्मेट हातात अडकवून फिरणारे पण बघितलेत, त्यांना काय बोलणार. मानेजवळ सैल पोनी किंवा वेणी घाला, आत पातळ कॉटनचा रुमाल बांधा, हेल्मेटचं आतलं अस्तर निघत असेल तर पंधरा दिवसांनी धुवा. पावसाळ्यात जेल जरा जास्त, आणि ग्लिसरीन घटकांत अगदी वरच असलेल्या वस्तू जून-जुलैत बाजूला ठेवा, ते हवेतलं पाणी ओढतं आणि केस फुगतात. गुलाल पडला तर आधी कोरडाच झटकून काढा, लगेच पाणी ओतू नका, नाहीतर दोन धुण्यांपर्यंत गुलाबी पाणी निघत राहतं.

कोंडा आणि गळणं

कोंडा झाला की घरचे म्हणतात डोकं कोरडं पडलंय, तेल लाव. बऱ्याचदा उलटं असतं. मॅलॅसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर असते आणि ती तेलावरच जगते, तुम्ही तेल ओतलं की तिची मेजवानी. मेडिकलमध्ये केटोकोनाझोल २ टक्केवाला शाम्पू मिळतो, आठवड्यातून दोनदा, लावून तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, दोन ते चार आठवडे. त्याने नाही गेला, किंवा लाल चट्टे, खपल्या दिसल्या तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा, नेटवर बसू नका.

गळण्याबद्दल. रोज पन्नास ते शंभर केस सगळ्यांचेच जातात. सरळ केसवाल्यांचे ते दिवसभर पडत राहतात, आपले वळणात अडकून बसतात आणि चार दिवसांनी धुताना एकदम निघतात. म्हणून जाळीवर मेलेला उंदीर पडल्यासारखा गोळा दिसतो. तो उचलून कचऱ्यात टाका, घरातल्यांची मुख्य तक्रार तीच असते. पण कपाळाचे दोन कोपरे मागे सरकताना दिसले, किंवा भोवरा रुंद होतोय असं वाटलं तर ती वेगळी गोष्ट, लवकर दाखवा. आणि रोज घट्ट अंबाडा बांधणाऱ्यांनो, कपाळावरचे केस सतत ओढले गेले की मुळं कायमची खराब होऊ शकतात. रबर नको, कापडाचा स्क्रंची घ्या, भुवया वर ओढल्यासारखं वाटलं तर सैल करा.

कापायला जाताना

तीनचार महिन्यांनी टोकं कापून घ्यायची, दुभंगलेलं टोक वर चढत जातं. केस धुतलेल्या दिवशी, वाळवून, मोकळे सोडून जा म्हणजे कापणाऱ्याला खरा आकार दिसतो. सलूनमध्ये आधी ओले करून, फणीने ताणून, सरळ रेषेत कापतात, आणि वाळले की एक बाजू वर एक खाली. थिनिंगची कात्री आणि वस्तरा दोन्हीला आधीच नाही म्हणा. "एक इंच" असं तोंडी सांगू नका, कारण ताणून एक इंच कापला तर त्यातलं किती वर जाईल हे वळणावर ठरतं, त्यापेक्षा एक बट न ताणता धरून दाखवा, इथपर्यंत.

मी अजून नौपाड्यातल्या त्याच काकांकडे जातो. पहिल्या वेळी त्यांना सुक्या केसांवर कात्री चालवायला लावलं तेव्हा ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले होते, आता स्वतःच पाण्याची बाटली लांब ठेवतात. गेल्या खेपेला टोकं कापता कापता म्हणाले, माझ्या नातवाचे पण असेच आहेत, सात वर्षांचा आहे, त्याला काय लावू. मी म्हटलं लावू नका काही, आधी ती रोज सकाळची बारीक फणी बंद करा. त्यांनी कात्री थांबवली, आरशातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ते त्याच्या आईला तुम्हीच येऊन सांगा."